पगार देणाऱ्याचा नंबर

जुलै लागला की माझ्या क्वार्टरच्या ओट्यावर चपलांची गर्दी व्हायची. मी एका सहकारी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून होते, आणि वसाहतीतल्या ज्या कामगारांच्या पगारातून कर कापला जाई त्यांची रिटर्न मी भरून द्यायचे. काम कुणी सोपवलं नव्हतं. एका वर्षी दोघांची भरून दिली, पुढच्या वर्षी नऊजण आले, मग रीतच पडली. पैसे घेत नसे. चहा माझाच असे, आणि त्यासाठी लागणाऱ्या सामानाची यादी जूनच्या शेवटच्या आठवड्यात तयार असे. माझ्या मागं मला 'यादीबाई' म्हणत. मला ते माहीत होतं. त्यात राग येण्यासारखं काही नाही. यादी केली की काम निम्मं होतं.

लोकांना वाटतं रिटर्नमध्ये आकडेमोड अवघड. ती तर मशीन करतं. माणूस चुकतो तो वरच्या रकान्यांत, आणि सगळ्यांत जास्त चुकतो पगार देणाऱ्याच्या नंबरात. मालक वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला देतो, तो फॉर्म सोळा. त्याच्या पहिल्याच पानावर हा नंबर असतो. त्याला टॅन म्हणतात: चार अक्षरं, पाच आकडे, शेवटी पुन्हा एक अक्षर. तुमचा कर कुणी कापून भरला हे सरकारला त्या नंबरावरून कळतं. नंबर चुकला की तुमचा कर भलत्याच ठिकाणी शोधला जातो आणि सापडत नाही.

म्हणून माझा नियम होता: ज्याचा कागद त्यानं वाचायचा. तो समोर खुर्चीत, बोट नंबरावर. एकेक अक्षर त्यानं मोठ्यानं म्हणायचं, मी टाइप करायचं, मग मी वाचायचं आणि त्यानं बोट फिरवत पडताळायचं. खरं तर सगळ्यांचा नंबर एकच, कारखान्याचा. मला तो पाठ होता. तरी प्रत्येकाकडून वाचून घ्यायचे.

"अरे तोच नंबर हाय बे, कावून घसा सुकवायलास?" ओट्यावरून कुणीतरी ओरडायचं.

"वाचू दे की त्याला. धाव्वीनंतर पहिल्यांदाच इंग्रजी वाचायलाय."

"ताई, पास करा बरं का ह्याला. न्हाईतर बायको घरात घ्यायची न्हाई."

सगळे हसायचे, वाचणारा चिडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. एका रिटर्नला पंधरा मिनिटं पुरली असती तिथं पाऊण तास जायचा. वडिलांच्या जागेवर मी अनुकंपावर लागले, भावंडांची शिक्षणं आणि लग्नं झाली, माझं राहून गेलं. ते पंधरा दिवस सोडले तर माझ्या बैठकीच्या खोलीत दुसरी खुर्ची वर्षभर कपडे ठेवायच्या कामाची. तेव्हा पाऊण तास लागतो याची तक्रार मी कधी केली नाही.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस झाला नाही. पहिल्या वर्षी कारखाना महिनाभर तरी चालला. दुसऱ्या वर्षी बॉयलर पेटवलाच नाही. ऊसच नाही तर गाळप कशाचं करणार? कामगारांना घरी बसवलं. ज्याला जिथं जमलं तिथं तो गेला, कुणी पुण्याकडच्या कंपन्यांत, कुणी मेव्हण्याच्या दुकानात. चकलांब्याकडच्या तोडणीच्या टोळ्या नेहमीसारख्या बाहेर गेल्या, फक्त आमच्याकडं येणाऱ्या टोळ्या आल्या नाहीत. साठ क्वार्टरच्या वसाहतीत कुलपांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या दिसू लागल्या. कारखान्याचं दफ्तर सांभाळायला मला ठेवलं होतं. भांडारपाल उमापूरहून मोटरसायकलवर यायचे आणि चारला परत जायचे. वस्तीला राहिलेली घरं दोन: माझं आणि समोरचं.

समोर बॉयलर अटेंडंटचं कुटुंब. कुटुंब म्हणजे तो आणि त्याची बायको. मुलींची लग्नं झालेली. मी त्याला भाऊ म्हणायचे, तिला वहिनी. भाऊंना दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर काम मिळालं होतं, नांदूरघाटाच्या बाजूला. तिथं दुधाचे कॅन धुवायला वाफ लागते, म्हणून छोटा बॉयलर असतो, आणि त्यावर परवान्याचा माणूस हवा. ते तिकडंच राहायचे, पंधरा दिवसांनी रविवारी यायचे. मध्ये आम्ही दोघी.

टँकर चौथ्या दिवशी यायचा. दोन घरांसाठी आत वळायला ड्रायव्हरला जिवावर यायचं, तो फाटकावरूनच हॉर्न द्यायचा. आम्ही दोघी ड्रम आडवा करून फाटकापर्यंत ढकलत न्यायचो आणि कळशीनं अर्धा-अर्धा वाटून आणायचो. संध्याकाळी वहिनी भाजी घेऊन माझ्या ओट्यावर निवडायला बसायच्या. त्या बोलत, मी ऐके. कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाच्या मुलाचं जमत नाही. त्या उठून गेल्या की दुसऱ्या दिवशी दहाला भांडारपाल "राम राम" म्हणेपर्यंत माझ्याशी कुणी बोलत नसे.

त्या जुलैला ओट्यावर कुणी आलं नाही. फॉर्म सोळाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आले. "ताई तेवढं भरून टाका." एकतीस रिटर्न. कोण समोर बसून वाचणार? पॅन, जन्मतारीख, मालकाचं नाव, पत्ता, नंबर, सगळं माझ्या वहीत गेल्या वर्षीचं होतं. पगार आणि कर तेवढे फोटोतून घ्यायचे, बाकी वहीतून उतरवायचं. सरकारची साइट काही रकाने आपोआप भरून देते, पण माझा भरवसा वहीवर जास्त. दोन दिवसांत एकतीस संपली. एकही चहा झाला नाही. मी यादीवर आडवी रेघ मारली आणि हे दरवर्षी असंच का केलं नाही, असंही एकदा मनात आलं.

भाद्रपदात एका शुक्रवारी दुपारी ईमेल आला. कामगारांपैकी कुणाला ईमेल नव्हता, म्हणून सगळ्यांच्या रिटर्नवर माझाच पत्ता दिलेला असे. आयकर खात्याचं पत्र भाऊंच्या नावानं होतं: तुम्ही दाखवलेला कर या मालकाच्या नंबरावर पूर्ण जुळत नाही.

मी त्यांचे फोटो उघडले. दोन फॉर्म सोळा होते. एक कारखान्याचा, वर्षाच्या पहिल्या अर्ध्या भागाचा. दुसरा दूध संघाचा, पुढच्या महिन्यांचा. दोन्हींतले आकडे मी नीट घेतले होते, बेरीजही बरोबर होती. पण मालकाच्या रकान्यात सगळ्या वर्षाला एकच नाव, एकच नंबर: कारखान्याचा. दुसरा नंबर फोटोत ठळक होता. मी तो पाहिलाही असेन. पण आमच्या वसाहतीत माणूस कारखान्याचा असतो. दुसरीकडं कुठं गेला तर आपण म्हणतो, सध्या तिकडं जातोय. बॉयलरवाल्या भाऊंचा मालक दुसरा कुणी असू शकतो हे माझ्या हाताला सुचलंच नाही. ते समोर बसून वाचत असते तर पहिल्या अक्षरालाच मी थांबले असते.

चूक दुरुस्त होण्यासारखी होती. सुधारित रिटर्न भरायचं, अर्ध्या तासाचं काम. मी यादीत लिहिलं: 'भाऊंचं रिटर्न.'

त्याच संध्याकाळी वहिनी मेथी घेऊन आल्या.

"ताई, ह्यांचा फोन आलता. संघ आता माणसं कायम करायलाय म्हणे. दुष्काळात जे राबले त्यांना आदी. राहायला खोली बी देणार."

"चांगलं झालं की."

"पण कागद लई मागायलेत. रिटर्नची नक्कल पायजे. म्हंजे बघणार, ह्या महिन्यांत मालक म्हणून संघाचं नाव हाय का दुसऱ्याचं. काही लोकांनी संघात बी आन जुन्या जागी बी मस्टरवर हजेरी लावली ना, त्यांना काढायचंय. तुमी देताल ना काढून?"

"देते," मी म्हटलं.

मेथीची एक जुडी निवडून होईपर्यंत मला सगळं समजलं होतं. ते रिटर्न आहे तसं गेलं तर भाऊ दोन्हीकडं हजेरी लावणारे ठरणार आणि त्यांचं नाव यादीतून जाणार. रिटर्न दुरुस्त करून दिलं तर ते कायम होणार, खोली मिळणार, आणि वहिनी तिकडं जाणार. मी त्यांना म्हणायला हवं होतं, वहिनी, थांबा, एक चूक झालीय. मी म्हटलं, "मेथी कोवळी आहे."

माझ्या वहीत आज न झालेलं काम उद्याच्या पानावर जातं. तिसऱ्या पानावर गेलेलं काम मला बघवत नाही. 'भाऊंचं रिटर्न' ही ओळ शनिवारच्या पानावर गेली, रविवारच्या, सोमवारच्या. बुधवारी मी भांडारातल्या जुन्या कुलपांच्या किल्ल्यांना चिठ्ठ्या लावल्या, जे काम दोन वर्षं पडून होतं. गुरुवारी साइट चालत नाही असं मी वहिनींना सांगितलं. साइट मी उघडलीच नव्हती. त्या म्हणाल्या, "आवो, होईल की. घाई कशाला करता? तुमच्या हातचं हाय म्हंजे काळजी न्हाई." आणि माझ्या घागरीत त्यांच्या वाटणीचं तांब्याभर पाणी ओतलं, कारण त्या दिवशी माझं कमी भरलं होतं.

मी स्वतःला काय सांगत होते ते लिहून ठेवते. एक, मुदत मार्चपर्यंत आहे. दोन, संघाचं काय खरं, पाऊस पडला तर कारखाना सुरू होईल आणि भाऊ इथंच लागतील. तीन, मी काहीच चुकीचं करत नाहीये, फक्त अजून केलं नाहीये. तिसरं कारण सुचलं तेव्हा मला माझीच लाज वाटली, तरी ओळ पुढच्या पानावर गेली.

रविवारी भाऊ आले. आल्या आल्या दोघं माझ्याकडं. मी खुर्चीवरचे कपडे उचलले.

"ताई, रिटर्न काढलंय का? बुधवारी फाइल द्यायचीय."

"बसा आधी."

"बसतो की. आमच्या तिकडं लई गंमत झाली," ते वहिनींकडं बघत म्हणाले. "एक ऑइलमन हाय. त्याचं रिटर्न साहेबानं बघितलं, सगळं वर्ष दुसऱ्याच संस्थेचं नाव. साहेब म्हणला, बाबा, तू एकाच टायमाला दोन जागी कसा रे? तर हा म्हणतो, मोटरसायकल हाय ना साहेब!"

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. "मग?"

"मग काय, कटलं नाव. आमचा वशिला पक्का हाय. आमचं रिटर्न ताईंनी भरलंय."

मी चहाचे कप ठेवले. "भाऊ," मी म्हटलं, "तुमच्या रिटर्नवरही तसंच आहे. सगळं वर्ष कारखान्याचं नाव."

"म्हंजे?"

"संघाचा नंबर मी घातलाच नाही. सगळं कारखान्यावर घातलं. चूक माझी आहे. दुरुस्त करता येतं, आत्ता करते."

ते कप हातात धरून बसले. मग म्हणाले, "करता येतं ना? मग झालं. माणूस हाय, चुकतंच की."

वहिनींनी कप उचलला नव्हता. "तुमाला कधी कळलं, ताई?"

आज सकाळी, असं सांगता आलं असतं.

"मागच्या शुक्रवारी."

"मागच्या शुक्रवारी मी हितंच मेथी निवडत होते."

"हो."

"तवाच मी तुमाला खोलीचं सांगितलं."

"हो."

"मग कावून न्हाई बोललात?"

"तुम्ही जाल म्हणून," मी म्हटलं.

भाऊंनी घसा साफ केला. "आवो, जाल म्हंजे काय, आमी काय दुबईला चाललो का? एष्टीनं चार तास." वहिनी उठल्या. मला वाटलं त्या घरी चालल्या. त्या गेल्या आणि रेशनकार्डाच्या पिशवीतून दोन्ही फॉर्म सोळाचे कागद घेऊन आल्या, भाऊंच्या हातात ठेवले.

"वाचा," त्या म्हणाल्या.

भाऊंनी संघाच्या कागदावर बोट ठेवलं आणि वाचायला लागले. चार अक्षरं. पाच आकडे. शेवटचं अक्षर त्यांना नीट दिसेना, ते वहिनींनी सांगितलं. त्या सातवी शिकलेल्या. मी टाइप केलं, परत वाचलं. मग कारखान्याचा नंबर, तोही वाचून घेतला. पहिला अर्धा भाग कारखान्याखाली, दुसरा संघाखाली. बेरीज जिथं होती तिथंच राहिली.

शेवटी आधारला जोडलेल्या मोबाइलवर सहा आकड्यांचा कोड येतो, तो भरला की काम पुरं. भाऊंच्या फोनला वसाहतीत रेंज नसायची. ते पाण्याच्या रिकाम्या टाकीच्या जिन्यावर चढले, वहिनी खाली अंगणात उभ्या राहिल्या, मी खिडकीशी.

"आला का?" वहिनी ओरडल्या.

"कंपनीचा मेसेज आलाय, गाण्याचा!"

"गाणं नका सांगू, आकडे सांगा!"

पहिल्या कोडची वेळ संपली. दुसऱ्यांदा आला तो भाऊंनी वरून ओरडून सांगितला, वहिनींनी मला, मी भरला. पडद्यावर हिरवी खूण आली. पोचपावती मी दोन प्रतींत छापून दिली. भाऊ म्हणाले, "उपकार झाले." मी म्हटलं, "तसं म्हणू नका." ते मनापासून म्हणत होते, म्हणूनच ऐकवेना.

भाऊ कायम झाले. दिवाळीनंतर टेंपो आला. मधल्या दिवसांत वहिनी ओट्यावर येत राहिल्या, भाजीही निवडत राहिल्या, पण सुनांची आणि बाळंतपणांची हकिकत बंद झाली. मी विचारलं तर उत्तर द्यायच्या. पाणी आम्ही मोजून निम्मं-निम्मं करू लागलो. टेंपोत सामान चढवताना त्यांनी मला दोन वेळा "ताई, या हं" म्हटलं. मी "येते" म्हटलं. भाऊंनी जाताना कुलपाला पिशवी बांधली. टेंपो गेल्यावर मी वहीत लिहिलं: टँकरला उद्यापासून एक घर सांगणे. ड्रायव्हरनं फाटकावर यायचंही सोडलं. मग भांडारपाल मोटरसायकलवर दोन कॅन आणू लागले.

पुढच्या जुलैत रिटर्न दहाच उरली. बाकीच्यांना नव्या ठिकाणी कुणी ना कुणी मिळालं. या वेळी मी प्रत्येकाला फोन लावला आणि नंबर वाचायला लावला. कुणी कंपनीच्या गेटवर होतं, कुणी बसमध्ये. "ताई, फोटो पाठवलाय की, त्यातच बघा ना," असं म्हणत घाईघाईनं वाचायचे आणि फोन ठेवायचे.

भाऊंचा फोटो आला नव्हता. मी वाट पाहिली आणि तीन दिवसांनी त्यांचाच फोन आला. "ताई, बरं हाय ना? आवो, इथं संघाचे हिशेबनीस सगळ्यांचं एकदमच भरायलेत. त्यांना आमचा पासवर्ड पायजे म्हणे. त्यांच्याकडं देतो."

हिशेबनीस नीट बोलणारा माणूस होता. "नमस्कार मॅडम. तेवढा पासवर्ड आणि वापरायचं नाव सांगा." मी वही उघडून सांगितलं, मोठी अक्षरं कुठं, लहान कुठं. तो म्हणाला, "बदलून टाकतो मॅडम. एकाहून जास्त लोकांकडं असणं बरं नाही."

"बरोबर आहे," मी म्हटलं. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

फोन परत भाऊंकडं आला. मी विचारलं, "वहिनी आहेत का?"

"हाय की. शेजारणीबरोबर बाजारला गेलीय. आली की लावायला सांगतो."

"सांगा."

मी भाऊंच्या पानावर 'बंद' असं लिहिलं, तारीख टाकली. उरलेली चार रिटर्न होती, ती तीन वाजायच्या आत झाली.